न गळणारा झेंडू

कुसुम : पाय उचला आधी. खाली पिवळी पट्टी पडलीय, तुडवाल.

रंगराव : सोफ्यावर पट्ट्या, टेबलावर पट्ट्या, खाली पट्ट्या. माणसानं शिफ्ट करून यावं आन बसावं कुठं?

कुसुम : त्या स्टुलावर बसा. आणि ते कात्रण आहे, कचरा नाही, पायानं सारू नका. दिव्या शिकवते त्या बालवाडीत मुलांची चिकटकामं झाली, त्यातलं हे फेल्ट उरलं. पिशवी भरून आणली आणि म्हणाली, आई, तू याचं काहीतरी करशीलच. केलं मग. हे धरा.

रंगराव : झेंडू! अष्टमीलाच आणलीस का फुलं? उद्यापर्यंत माना टाकतील.

कुसुम : नीट बघा की.

रंगराव : आं? हे... कापडाचं हाय व्हय?

कुसुम : फेल्टचं. सांगते काय मघापासून! मोबाइलवर एक बाई करून दाखवते. गॅसवर चहा उकळेपर्यंत एक फूल होतं तिचं. माझं पहिलं, दूध उतू गेलं तरी झालं नव्हतं, आता हात बसलाय.

रंगराव : आन ते तुझ्या शिलाई मशीनवर बसलंय, ते मोठं?

कुसुम : ते पहिलं केलेलं. लांबच्या लांब पट्टी घेतली, बेतच कळला नाही, म्हणून एवढं झालं. उद्या खंडेनवमी, म्हटलं तिला घालावं. माझ्या मशीनला कुणी नोटीस लावलेली नाही.

रंगराव : नोटिशीचं तुला कुणी सांगितलं?

कुसुम : ज्योतीरामभाऊजींच्या बायकोनं. दुपारी फोन आला होता तिचा. तुम्ही उद्याची रजा टाकलीत हेही तिनंच सांगितलं. माझ्याच नवऱ्याची बातमी मला चिखलीवरून येते.

रंगराव : सांगणारच होतो. जेवताना.

कुसुम : आत्ता सांगा. जेवताना तुम्ही बोलत नाही, घास मोजता.

रंगराव : काय सांगायचं? फळ्यावर कागद लावलाय. मशीनवर फुलं नाहीत, कुंकू नाही, नारळ नाही. पूजा कँटीनमधे, देवीच्या फोटोची. सगळ्यांनी ओळीनं यायचं, हात जोडायचे, पेढा घेऊन जायचं.

कुसुम : पण का असं अचानक?

रंगराव : गेल्या वर्षीचा पराक्रम हाय ज्योतीरामचा. नवी कॉम्प्युटरवरची सीएनसी मशीन आली तेव्हा त्याला वाटलं, हिला पण हार पाहिजे. घातला की नाही दाराच्या आतनं! पूजा झाली, प्रसाद झाला, दुसऱ्या दिवशी हा गडी हार विसरून गेला आन दिलं बटण दाबून. पाकळ्या सगळ्या कूलंटच्या, म्हणजे गार करायच्या पाण्याच्या, टाकीत. पंप तुंबला, मशीन बोंबलायला लागली, दिवसभर लाइन बंद.

कुसुम : मग साहेबाचं काय चुकलं?

रंगराव : काहीच नाही. तेच तर. चुकलं असतं तर भांडलो तरी असतो. दिग्विजय साहेब चांगला पोरगा हाय, मला काका म्हणतो. राग कुणावर काढावा तेच कळंना, म्हणून रजा टाकली.

कुसुम : पण तुमची लेथ मशीन तर जुनी. तिला ना दार ना टाकी.

रंगराव : नियम सगळ्यांना एकच. आन कुसुम, तिची ही शेवटची हाय. दिवाळी झाली की जाणार. शिरोलीला, कोल्हापूरकडं, एका छोट्या वर्कशॉपवाल्यानं घेतलीय. मोकळी मान घेऊन ती तिथं कोपऱ्यात उभी राहणार आन मी कँटीनमधे पेढा खात बसू? नाही जमायचं. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

कुसुम : भोसरीतून चाकणला कंपनीचं शॉप हललं, तेव्हा ट्रकमध्ये तिच्याशेजारी बसून गेला होतात. लोकांना वाटलं वरात चाललीय.

रंगराव : दोर सैल झाला असता तर? कुणीतरी बसायलाच पाहिजे होतं.

कुसुम : आणि दिव्याच्या वेळी मी दवाखान्यात कळा देत होते आणि तुम्ही माझ्या सवतीला हार घालत होतात.

रंगराव : तुझ्याजवळ तुझी आई होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

कुसुम : ऐका हो! काय पण नवरा मिळालाय! आणि आता म्हणे रजा. आजवर एक खंडेनवमी चुकवली नाही, आणि ती निघाली तर तिच्याकडं पाठ करून घरात बसणार. असं करतात का?

रंगराव : मग करू काय? रिकाम्या हातानं उभा राहू?

कुसुम : रिकाम्या कशाला? याचाच हार करू. नियम फुलांना आहे. पाकळी गळते म्हणून आहे. ही कुठं गळतेय?

रंगराव : खोटी फुलं घालू तिला?

कुसुम : झालं यांचं सुरू.

रंगराव : नाही, पण तूच सांग. देवाला कागदाचं फूल वाहतेस का तू?

कुसुम : मशीन देव आहे?

रंगराव : उद्याच्या दिवस हाय.

कुसुम : आणि बाकीचे दिवस?

रंगराव : बाकीचे दिवस तुझी सवत. तूच म्हणतेस. आण बरं ते इकडं. आरं... हा तर नमदा हाय.

कुसुम : काय?

रंगराव : नमदा. जुने मिस्त्री नमदाच म्हणायचे, आता फेल्ट म्हणतात. हे पातळ हाय, मऊ हाय, पण गोत्र तेच. लेथचं सॅडल असतं ना, जे खालच्या लोखंडी बेडवरनं मागं-पुढं सरकतं, त्याच्या चारी कोपऱ्यांना वायपर म्हणून ह्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. सॅडल सरकलं की पट्टी खालचा लोखंडाचा बुरा पुसत जाती, तेल धरून ठेवती. ती नसली तर बारीक बुरा आत शिरतो आन बेडवर ओरखडे पडतात. मी दर पावसाळ्याआधी नव्या कापून बसवतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

कुसुम : म्हणजे तिच्या अंगावर आधीपासूनच फेल्ट आहे.

रंगराव : हाय की. अंगाला लागून.

कुसुम : मग खोटं काय त्यात? खरा झेंडू तिला परका, एका दिवसाचा पाहुणा. हे तिच्या नात्यातलं.

रंगराव : तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

कुसुम : ब्लाउज शिवून जे कळतं ते वकिलीत कळत नाही. बसा खाली. आणि लवकर, उद्या सकाळी माझी कात्री पाटावर बसली की दसरा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. कापायचं ते सगळं आज.

रंगराव : आधी टेस्ट करू दे. साहेबाला सांगायचं म्हणजे सांगता आलं पाहिजे.

कुसुम : अहो, अहो, ओढताय काय! सुटलं ना ते!

रंगराव : रिजेक्ट.

कुसुम : रिजेक्ट काय रिजेक्ट? अख्खं फूल उलगडलं माझं.

रंगराव : शॉपमधे वारं असतं, हवेचे पाइप असतात, थरथर असती. मधला पीळ सुटला की पट्टी लोंबणार. लोंबती पट्टी म्हणजे फिरत्या चकमधे गुंडाळली गेलीच. नुसत्या गरम गोंदावर हे धरणार नाही.

कुसुम : त्या बाईचं भिंतीवर लावायचं असतं, तिला कोण ओढायला येतंय? थांबा, बुडाला सुईनं चार टाके घालते. हं, आता ओढा.

रंगराव : थोडं येतंय अजून.

कुसुम : ते बघू पुढं. आधी कसं करायचं ते शिका, मला एकटीला पुरायचं नाही. ही पट्टी. अशी लांबीत दुमडायची, कडा जुळवून. आता दुमडलेल्या बाजूनं कात्री मारत जायची, पण पलीकडपर्यंत न्यायची नाही, बोटभर राखायची. झाली झालर. आता एका टोकापासून गुंडाळायला घ्या. सुरुवातीला घट्ट, मग सैल. बास. फुलवा जरा बोटानं. हा झाला झेंडू.

रंगराव : परत कर.

कुसुम : का? दिसलं नाही?

रंगराव : दिसलं. तुझा हात बघायचाय परत. तू खाली बघत बी नाहीस, आन कट सगळे बरोबर तेवढ्यावर थांबायलेत.

कुसुम : सवय आहे. तुम्ही नाही का, जेवताना सांगता, आज शेजारच्या मशीनचं बेअरिंग ओरडत होतं म्हणून?

रंगराव : ते कानाचं झालं. हे हाताचं हाय. इतकी वर्षं मी घरी यायचो, मशीनची खडखड ऐकू यायची, मला वाटायचं चाललंय तुझं फॉल-पिको. हात कधी बघितलाच नाही गं. काय हात हाय! आमच्याकडं असा कटर असता तर साहेबानं त्याला खुर्ची देऊन बसवलं असतं.

कुसुम : पुरे. लाजवू नका या वयात. घ्या ती दुसरी कात्री, चालवा. मी कणीक भिजवून येते. पण त्या लांब पट्ट्यांना हात लावू नका, आखूड घ्या.

रंगराव : जा तू. मी माझ्या पद्धतीनं करतो.

कुसुम : कसली पद्धत? ... अहो, काय ठोकताय? काय चाललंय बाहेर? ... अगं आई! हे काय केलंत?

रंगराव : झेंडू. कात्रीनं मला एकसारखं येईना, म्हणून माझा वॉशर पाडायचा पंच काढला. चकती पाडायची, चकतीवर चकती ठेवायची, मधून टाका. बघ, सगळ्या सेम. एक लहान-मोठी सापडली तर सांग.

कुसुम : अहो, हे फूल नाही. हे वॉशर आहेत.

रंगराव : पिवळे हायत की.

कुसुम : पिवळे वॉशर आहेत! आणि कशातून पाडले? लांबवाल्या फेल्टातून? सांगून गेले होते मी! जाळी करून ठेवलीत त्याची. झेंडूच्या पाकळ्या कधी गेजनं मोजून येतात का?

रंगराव : दार वाजायलंय.

शालनबाई : मी हाय, शालन. कुसुम, काय ठोकताय गं वरती? खाली माझ्या देव्हाऱ्यात घट बसल्यात. नऊ दिस जाग्यावरनं हालवायचा न्हाई त्यो, आन हितं तुमी हातोडा हाणताय. निस्ता थरथरतुया बिचारा.

कुसुम : चुकलं, मावशी. हे यांचे प्रताप. या, बसा. आता नाही ठोकणार. घ्या हो तो हातोडा आत.

रंगराव : माफ करा मावशी. घटाचं ध्यानात आलं नाही.

शालनबाई : असू द्या, असू द्या. घट धड हाय. आन ही फुलं कवा आणली? द्या बरं वाईच, वास घिते. कुटल्या मळ्यातली म्हनायची... आगं बया!

कुसुम : काय झालं, मावशी?

शालनबाई : कापडाची व्हय ही? आन म्या नाक लावलं! हात मेले! कुसुम, तू मला येडी केलीस बग. मला! ह्या तुमच्या इमारतीच्या जाग्यावं झेंडूच व्हता आमचा. रहाटणीत आमचं वावर ह्याच कारणानं वळखायचे. दसरा आला की आमी बाया पहाटंच्या उठून खुडाया जायच्या, हाताला म्हैनाभर वास जात नसायचा. आन आज मी कापडाला नाक लावून बसले.

कुसुम : मग पास म्हणायचं का?

शालनबाई : पास काय इचारतीस! आगं, समदी येकासारकी न्हाईत, म्हून तर फसले. एक बसकं, एक फुगीर, ह्याची एक बाजू दबल्याली. तोडल्यालं फूल पाटीत असंच बसतंय. आन हे काय गं, हे पिवळं-पिवळं? नाणी का काय?

कुसुम : तो यांचा झेंडू.

शालनबाई : रंगराव, आवं झेंडूला असं तव्यावर थापून चालतंय व्हय?

रंगराव : हसा मावशी, हसा. आज माझाच दिवस हाय.

शालनबाई : पन एक हाय बग कुसुम. तुज्या फुलाला बूड न्हाई. झेंडूला खाली हिरवी टोपी असती. त्यात समद्या पाकळ्या धरल्याल्या असत्यात. टोपी उपटली की फूल हातात इस्कटलं म्हूनच समज.

कुसुम : टोपी... थांबा. थांबा हं. अहो, ते वॉशर द्या इकडं.

रंगराव : आता आणखी हसायचंय का?

कुसुम : द्या हो! फुलाच्या बुडाला गोल तुकडा लावायचा असतो. ती बाई पण लावते. मला कात्रीनं गोल येत नाही, कधी बटाटा होतो कधी शेंग, म्हणून मी सोडूनच दिला होता. हा बघा, काय गोल आहे! हा बुडाला ठेवला, सगळ्या कडेनं टाका घेतला. मधला पीळ आता जाईल कुठं? ओढा.

रंगराव : ओढू?

कुसुम : तुमची सगळी ताकद लावा.

रंगराव : ...नाही. नाही येत. दिव्याचं ते केस वाळवायचं मशीन कुठाय? लाव. जवळ धर, आणखी जवळ. पाकळ्या हलायल्यात, पण पीळ जागचा हलंना! कुसुम, हे धरलं! पास!

कुसुम : माझं फूल पास झालं. उपकार झाले.

रंगराव : तुझं फूल आन माझा वॉशर.

शालनबाई : आन माजी टोपी. इसरू नगा.

कुसुम : हिरवा नाही, मावशी, पिवळाच आहे गोल.

शालनबाई : पाठीला कोन बगतंय? पन हा घाट कुनासाठी घातलाय तुमी एवढा? दाराला तोरन?

कुसुम : यांच्या मशीनला हार. उद्या शेवटची पूजा तिची, दिवाळीनंतर जातेय ती. आणि खऱ्या फुलांना यंदा बंदी.

शालनबाई : जातीया व्हय? आता गं. म्हून तोंड उतरलंय रंगरावांचं. आमची शेवटची बैलजोड गेली तवा आमचे हे असंच दोन दिस गोठ्यात जाऊन बसायचे. निस्ते दाव्याकडं बगायचे. लावा, लावा फोन साहेबाला, हाये काय त्यात! इचारल्याबिगर कसं कळायचं?

रंगराव : आता? घरी गेला असंल तो.

कुसुम : म्हणून तर आता. लावा.

रंगराव : ...हॅलो, सर, रंगराव बोलतोय. हां सर, बरा हाय. नाही सर, रजेचंच... म्हणजे रजेचं नाही, हाराचं. सर, नियम बरोबर हाय तुमचा, माझं काही म्हणणं नाही. पण फूल फेल्टचं असलं तर? हां, फेल्ट, सर. आपल्या वायपरचं. त्याच्या जातीचं. घरी केलंय... मी नाही, आमच्या मंडळींनी. सर, ओढून बघितलं, हवा मारून बघितली. एक पाकळी सुटत नाही. सुटली तर उद्या तुमच्यासमोर मीच कचऱ्यात टाकतो. हां... हां सर.

कुसुम : काय म्हणतायत?

रंगराव : थांब गं. नाही सर, सीएनसीला नाही, माझ्या लेथलाच. चकपासून लांब, हेडवर, मागच्या बाजूनं. मशीन बंद असतानाच, सर. सुरू करायच्या आधी काढून माझ्या लॉकरमधे. हां. हळदकुंकू नाही, नारळ नाही, कळलं. सर... थँक्यू, सर. काय? हो, सांगतो तिला.

कुसुम : काय सांगतो?

रंगराव : हो म्हणाला.

कुसुम : ते कळलं. मला काय सांगायचंय?

रंगराव : म्हणाला, काकूंना सांगा, पुढच्या वर्षी सगळ्या शॉपचे हार त्यांनीच करायचे.

शालनबाई : घ्या! नवऱ्याच्या रजेवरनं निगालं आन कंपनीची आर्डर घिऊन आलं.

रंगराव : रजा कॅन्सल. सकाळी कंपनीच्या पहिल्या बसनं जातो.

कुसुम : मग बसलात काय? गोल संपलेत का बघा, आणि झालर कापायला घ्या. आणि यावेळी पंच नाही.

रंगराव : नाही गं बाई. तू सांगशील तशी कापतो. बोटभर राखून.

शालनबाई : दे मला दाभण, मी ववते. दोरा दुहेरी घाल. दोन फुलांत ह्या हिरव्या पट्टीचं पान घालू, आंब्याच्या पानावानी. वाईच सैल ववायचं, न्हाईतर हार काठीवानी ताठ उभा ऱ्हातो. आज लई दिसांनी बोटं चालली माजी ह्या कामाला. वास न्हाई, पन बोटांना वळख लागली.

कुसुम : मावशी, तुमच्यामुळं टोपी सुचली.

शालनबाई : मला न्हाई, झेंडूला सुचलं व्हतं ते. किती लांब करायचा गं? माप काय घेतलंय का मशीनचं?

कुसुम : अहो, लांबी किती?

रंगराव (हात पसरून) : एवढी.

कुसुम : टेप आणू?

रंगराव : कशाला? एवढीच. हेडवरनं, म्हणजे तिच्या डोक्यावरनं, दोन्ही बाजूंनी येऊन सारख्या उंचीवर थांबलं पाहिजे. हितं.

शालनबाई : डोळे मिटून दावलं की ओ!

कुसुम : बघा मावशी, तिचं माप पाठ आहे. आणि लग्नात मला हार आणला होता तो गुडघ्यापर्यंत. फोटोत मी दिसत नाही, हारच दिसतो.

रंगराव : तवा तुला एकदाच बघितलं होतं गं, ते बी चहाच्या कपामागनं.

शालनबाई : चला, आता आरतीची येळ झाली. बाकीची तुमी ववा दोघं मिळून. आन रंगराव, उद्या माज्यावतीनं बी तिला हात लावा. माजा घट हालवलाय तिच्यापायी, नातं लागलं म्हनायचं आमचं.

कुसुम : या मावशी. आणि खरंच चुकलं हं घटाचं.

शालनबाई : न्हाई गं. देवीला बी झेंडूचं येड हाय. सोडंल ती.

रंगराव : कुसुम.

कुसुम : काय?

रंगराव : खरा हार असता तर परवा निर्माल्य झाला असता. पिशवीत घालून नदीवर. दरवर्षी तेच करत आलो. हा तर वाळायचा नाही.

कुसुम : नाही वाळायचा. का हो?

रंगराव : काढून लॉकरमधे ठेवायचाय म्हणा. पण ट्रकमधे चढवतील ना तिला दिवाळीनंतर, तेव्हा परत घालीन. बांधूनच देईन. शिरोलीला उतरवतील तेव्हा गळ्यात हार असू दे. तिथं जो कोण तिच्यापुढं कामाला उभा राहील त्याला कळू दे, ही कुणाच्या तरी घरातनं आलीय. वाट्टेल तशी रेमटवायची नाही म्हणून.

कुसुम : तो दोरा द्या इकडं.

रंगराव : वेड्यासारखं बोलायलोय का?

कुसुम : नाही. सवत सवत म्हणत आले मी इतकी वर्षं. जाताना मात्र लेकीसारखी चाललीय. दिव्या ह्या घरातनं जाईल तेव्हा पण तुम्ही असंच बोलणार आहात, आणि मला तेव्हा दोघांना आवरावं लागणार आहे. डोळे पुसा. त्या फेल्टनं नाही, टॉवेल घ्या.

रंगराव : कूलंट गेलं असंल डोळ्यात.

कुसुम : घरात कुठलं आलं कूलंट? धरा, हे टोक धरा. मी दुसरं धरते. ताणू नका. कसा दिसतो?

रंगराव : काय सांगू तुला! कुसुम, खरं सांगतो, आमच्या शॉपमधे कुठल्याच मशीनला असा हार कधी पडला नाही. कँटीनमधल्या फोटोला पण नाही. तुझ्या हाताला काय म्हणावं मला शब्द नाही येत. मी लोखंडाचा माणूस हाय.

कुसुम : आला की शब्द. पण मधे कसं मोकळं दिसतंय बघा.

रंगराव : कुठं?

कुसुम : मध्यावर. दोन्ही बाजू येऊन थांबतात तिथं पदक पाहिजे. मोठं फूल. त्याशिवाय हार म्हणजे माळ वाटते नुसती.

रंगराव : मग कर की एक. कात्री अजून पाटावर गेली नाही.

कुसुम : कशाचं करू? मोठ्याला लांब पट्टी लागते. लांब पट्ट्या सगळ्या तुमच्या वॉशरात गेल्या. ही उरलीत ती बोटाएवढी कात्रणं.

रंगराव : मीच घाण केली. राहू दे. तसाच घालतो, कोण बघतंय?

कुसुम : तुम्ही बघणार. आणि शिरोलीचा तो माणूस बघणार. पहिल्यांदा बघताना बिनपदकाचा बघणार का? ते काढा.

रंगराव : कोणतं?

कुसुम : ते. माझ्या मशीनवरचं.

रंगराव : छे! ते पहिलं फूल हाय तुझं. हिच्यासाठी केलेलं.

कुसुम : सुई तयार आहे माझ्या हातात, दोरा ओवलेला आहे. काढा.

रंगराव : मग उद्या हिच्या पूजेला?

कुसुम : हळदकुंकू आहे, अक्षता आहेत. हिला कुणी नाही म्हटलेलं नाही.

रंगराव : तरी पण, कुसुम... मोकळी बसंल बिचारी.

कुसुम : बसू दे एक दिवस. अहो, ही कुठं चाललीय? ही आहे घरातच. जाणारीला आधी.